तेल थंड कोण करणार? वायंगणातल्या एका इंजिनाचं प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, चिखलणी चालू होती. भाताची रोपं, म्हणजे तरवा, तयार होता, तिळारीच्या कालव्याचं पाणी शेतात आलं होतं आणि शेतकरी गटाचा डिझेल टिलर, म्हणजे हाताने धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र, दर चाळीस-पन्नास मिनिटांनी मान टाकत होता. एकदा बंद पडला की पाऊण तास काही केल्या सुरू व्हायचा नाही. दोरी ओढून ओढून पोरांचे खांदे उतरले. निवला की मात्र पहिल्या ओढीला सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

मला फोन आला तो दुरुस्तीसाठी नव्हताच. अकरा घरांच्या त्या गटाने हे यंत्र विकून नवीन घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. दुकानदाराने कोटेशन दिलं होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ऑइल-कूल्ड, म्हणजे तेलाने थंड होणारं. गटाचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव काका म्हणतो, फोनवर म्हणाले, "तू येऊन एवढंच सांग, घेऊ की नको. हे एअर-कूल्ड आपल्या चिखलात चालत नाही, हे आम्हाला कळून चुकलंय."

मी गेलो. यंत्रं दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे "कळून चुकलंय" हा शब्द ऐकला की मी आधी पाना काढतो.

यंत्र साधं होतं. एक सिलिंडर, ८६ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), ४०० सीसीच्या आसपासचं इंजिन, नऊ-दहा अश्वशक्ती, हवेने थंड होणारं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, तण काढायला आणि वाफे करायला म्हणून घेतलेलं. पुढे मोठा तेरा अश्वशक्तीचा पाण्यावरचा, म्हणजे पाण्याने थंड होणारा, टिलर वेळेवर भाड्याने मिळेनासा झाला, तेव्हा याच यंत्राला लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावून चिखलणीला उतरवलं. म्हणजे इंजिनाचं काम बदललं होतं, हे पहिलं. पण गेल्या वर्षीच्या वायंगणातही त्याने चिखलणी केली होती आणि तेव्हा ते तापलं नव्हतं. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती माझी चूक.

पहिल्या दिवशी मी सगळीकडे पाहिलं, फक्त जिथे बघायला हवं तिथे नाही. एअर फिल्टर उघडला, धुतला. डिझेलचं नोझल काढून फवारा पाहिला, तो बरा होता. ऑइल काढलं तर पाण्यासारखं पातळ आणि काळं. या वर्गाच्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम १.६५ लिटर आणि त्यातलंही पाव लिटर कमी भरलं. नवीन १५डब्ल्यू-४० ऑइल भरलं आणि मला वाटलं, चोर सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन: "परत बंद पडलं." फरक इतकाच, की चाळीसऐवजी पंचावन्न मिनिटं चाललं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हत्यारं गाडीतच ठेवली आणि बांधावर बसून ते चालताना पाहिलं. अशी इंजिनं बंद पडायच्या आधी बोलतात. आधी आवाज कोरडा, टणटणीत होतो. मग धूर काळवंडतो, मग ओढ कमी होते आणि शेवटी एखाद्याने आतून पकडून ठेवल्यासारखं ते थांबतं. यात पकडतो तो पिस्टन. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. दोघांमधली फट ऑइलच्या पापुद्र्याने भरलेली असते. ऑइल पातळ झालं आणि पिस्टन फुगला की तो आवळतो, निवला की सुटतो. पण प्रत्येक आवळणं सिलिंडरच्या आत उभा ओरखडा ठेवून जातं. गरम असताना सुरू न होण्याचं कारणही इथलंच. तापून वाकडा झालेला सिलिंडर कॉम्प्रेशन धरत नाही आणि गरम होऊन पातळ झालेलं डिझेल पंपाच्या प्लंजरच्या (दट्ट्याच्या) कडेने निसटतं, म्हणून दोरीच्या ओढीला नोझलपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

मग मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि इंजिनाच्या ज्या बाजूने गरम हवा बाहेर यायला हवी तिथे धरली. पट्टी जरा थरथरली, बस. तीच पट्टी खाली, सिलिंडरच्या पायथ्याशी नेली तर हातातून उडून गेली. ब्लोअर, म्हणजे इंजिनाचा पंखा, जोरात फुंकत होता, पण फुंकर सिलिंडरला लागतच नव्हती. इंजिनाभोवतीच्या आवरणाचा बाजूचा पत्रा नव्हता.

"इथला पत्रा कुठाय?"

ज्या पोराकडे टिलर असतो तो पुढे आला. चेहऱ्यावर अपराध नव्हता, थोडा अभिमानच होता. "तो मी नोव्हेंबरात काढला. इंजिन तापतंय असं वाटलं, म्हणून म्हटलं उघडं राहिलं तर वारा लागेल. बोल्टची आटीपण गेली होती."

त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. उकाड्यात आपण अंगरखा काढतो, मग इंजिनाचा का नाही? तर्क माणसाला लागू पडतो, ब्लोअर असलेल्या इंजिनाला उलटा पडतो. आपल्याला लागतो तो मोकळा वारा. मोटारसायकल रस्त्यावर धावते, म्हणून तिचं इंजिन उघडं चालतं. चिखलातला टिलर माणसाच्या चालीनेही जात नाही. त्याला वारा मिळतो तो फक्त फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, बसवलेल्या पंख्याकडून. हा पंखा पुढून हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणात ढकलतो. आवरण तिला सिलिंडरच्या आणि हेडच्या पाकळ्यांमधल्या, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधल्या, अरुंद फटींतून जायला भाग पाडतं. हवा आळशी असते. तिला रुंद वाट दिसली की ती अरुंद फटीत शिरत नाही. पत्रा काढला म्हणजे आपण तिला रुंद वाट करून दिली. कुळागरातल्या पाटाला मध्येच भगदाड पडलं तर शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी पोहोचेल का? हे उदाहरण दिल्यावर काकांनी मान डोलावली. त्याआधीचं माझं सगळं व्याख्यान त्यांनी सौजन्याने ऐकून घेतलं होतं.

पण पत्रा ही अर्धीच गोष्ट होती. पोर म्हणत होता की पत्रा काढायच्या आधीच इंजिन तापायला लागलं होतं. मग ते का तापत होतं?

उत्तर वहिनींच्या वहीत मिळालं. वहिनी गटाच्या खजिनदार. कुणी किती तास यंत्र नेलं आणि किती डिझेल घातलं, ते त्या शाळेच्या दुरेघी वहीत लिहून ठेवतात. मी इतकी वर्षं शेतीची यंत्रं पाहतो आहे, पण अशी वही क्वचितच पाहिली. गेल्या वर्षीचं वायंगण: ताशी डिझेल ठरल्यासारखं, बंद पडल्याची नोंद नाही. जूनची सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, चिखलणी: तेच. ऑक्टोबरच्या शेवटी एक ओळ, "मळणी, ४ दिवस". जिथे हार्वेस्टर उतरत नाही अशा कोपऱ्यातल्या कुणग्यांचं (भातखाचरांचं) भात यांनी छोट्या मळणीयंत्रावर काढलं होतं आणि मळणीयंत्राला पट्ट्याने जोडलं होतं याच इंजिनाला. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत डिझेल वाढत गेलेलं.

चार दिवस हे इंजिन कोंडा, कूस आणि भाताची धूळ उडत असताना त्याच्या मधोमध उभं होतं आणि त्याचा ब्लोअर ते सगळं आत ओढत होता. नुसता कोरडा कोंडा असता तर बराचसा उडूनही गेला असता. पण रॉकर कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, गॅस्केट पाझरत होतं, त्यामुळे पाकळ्यांवर तेलाचा ओलसर थर होता. तेल आणि कोंडा एकत्र आले की जे तयार होतं, त्याला आमच्या गॅरेजात पोळी म्हणतात. आवरण पूर्ण उघडलं तेव्हा सायलेन्सरच्या बाजूच्या पाकळ्यांमध्ये ती पोळी भाजून काळी, कडक झालेली होती. नेमकी ती बाजू, जिथे उष्णता सगळ्यांत जास्त. सिलिंडर एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने तापलेला. असा सिलिंडर गोल राहत नाही.

तिसरी गोष्ट चालवण्याची. डिझेल वाचावं म्हणून पोर वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल कमी ठेवून चिखलणी करत होता. इंजिन घुमत, कण्हत चालायचं. पंखा फ्लायव्हीलवरच असल्याने इंजिनाचे फेरे कमी झाले की वाराही कमी होतो. बोजा मात्र तितकाच राहतो. म्हणजे प्रत्येक स्फोटाची उष्णता जास्त आणि ती न्यायला हवा कमी. एक गिअर खाली आणि थ्रॉटल वर, हे त्याचं औषध. वहीतले आकडे दाखवल्यावर डिझेल वाचत नसल्याचं त्यालाही पटलं.

आता त्या कोटेशनकडे येतो. देवळाच्या सोप्यावर संध्याकाळी सगळे जमले. काकांचं म्हणणं असं: बरं, पत्रा लावू, पोळी काढू, पण मळणी दरवर्षी होणार, कोंडा दरवर्षी उडणार. तेलाने थंड होणारं इंजिन घेतलं तर ही कटकटच नको. बहुतेकांनी माना हलवल्या. तेव्हा वहिनींनी विचारलं, "तेल इंजिनाला थंड करणार, ठीक. पण तेलाला थंड कोण करणार?"

या प्रश्नाभोवतीच सगळा विषय फिरतो. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो. जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून जातो. उरलेला बराचसा इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तिथून तो बाहेर काढावाच लागतो. शेवटी तो जातो हवेतच, इंजिन कुठल्याही प्रकारचं असो. एअर-कूल्डमध्ये धातू थेट हवेला उष्णता देतो. पाण्याच्या किंवा तेलाच्या इंजिनात मध्ये एक हमाल असतो. तो सिलिंडरजवळून उष्णता उचलतो, दूर नेऊन रेडिएटर किंवा ऑइल कूलरच्या पाकळ्यांना देतो आणि तिथे पंखा ती हवेत टाकतो. पाकळ्या दोन्हीकडे आहेत. फरक फक्त त्या कुठे बसवल्या आहेत याचा.

हमालांमध्ये पाणी सगळ्यांत ताकदवान. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता घेतं, तितकी घ्यायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. एक लिटर ऑइल साधारण दीड हजार लिटर हवेच्या बरोबरीचं. पाण्याच्या निम्म्याहून कमी, पण हवेपुढे तेही पैलवानच. शिवाय ऑइल शंभर अंशांना उकळत नाही, गंजवत नाही आणि गॅस्केट फाटलं तरी ऑइलमध्ये पाणी मिसळून बेअरिंग खाल्ली जाण्याची भीती नाही. आपल्याकडे हा मुद्दा छोटा नाही. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या, कडेला पाण्यावरच्या टिलरमध्ये बांधाजवळचं मचूळ पाणी ओततात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन हंगामांत आतून जे क्षार आणि गंज निघतो, तो बघवत नाही.

पण हवेच्या बाजूनेही एक हिशेब आहे, जो सहसा कुणी मांडत नाही. उष्णता किती वेगाने जाईल हे दोन तापमानांमधल्या अंतरावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर ३५ असेल तर अंतर ५५. उन्हाने बाहेरचं तापमान दहाने वाढलं तर जवळपास १८ टक्के क्षमता गेली. ऑइल ११० वर धरलं तर अंतर ७५, तोटा १३ टक्के. हवेच्या इंजिनातली पाकळी १७० वर असेल तर अंतर १३५ आणि तोटा सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्वच्छ आणि झाकलेलं एअर-कूल्ड इंजिन उन्हाला सगळ्यांत कमी घाबरतं. उगाच नाही बव्हेरियाच्या आयशरने आणि कोलोनच्या डॉइट्झने महायुद्धानंतरच्या काळात हवेवरची डिझेल इंजिनं ट्रॅक्टरवर चढवली. २४ एप्रिल १९५९ ला फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तोही आयशरचाच आणि हवेवरच्या इंजिनाचे आयशर ट्रॅक्टर नंतर देशभर चालले. पुढे डॉइट्झनेच १०११ आणि २०११ या मालिकांमध्ये तेलाने थंड होणारी इंजिनं काढली. सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून ऑइल फिरवायचं, मग कूलरमधून न्यायचं. आवाज कमी, तापमान जास्त सारखं आणि तरीही रेडिएटरमधल्या पाण्याची कटकट नाही. ती खरी ऑइल-कूल्ड इंजिनं.

"खरी" म्हणण्याचं कारण कोटेशनसोबतच्या चित्रात होतं. मी चष्मा पुसून ते नीट पाहिलं. सिलिंडरवर खालपासून वरपर्यंत पाकळ्या होत्या, अगदी आमच्याच यंत्रासारख्या. बाजूला तळहाताएवढा कूलर आणि त्याला दोन बारीक नळ्या. याचा अर्थ हे हवेनेच थंड होणारं इंजिन होतं, ऑइलचं तापमान जरा आटोक्यात ठेवायला कूलर जोडलेलं. वाईट यंत्र होतं असं नाही. पातळ ऑइलचा त्रास त्याने नक्कीच कमी झाला असता. पण कोंडा त्याच्याही सिलिंडरवर तसाच बसणार होता आणि शिवाय कूलरवरही बसणार होता. म्हणजे साफ करायच्या दोन जागा. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही बहुधा वरूनच तो शब्द मिळाला असावा. खऱ्या ऑइल-कूल्ड इंजिनात सिलिंडरभोवती पोकळी असते, म्हणून बाहेरून ब्लॉक बराचसा गुळगुळीत दिसतो. कूलर मोठा असतो, त्याच्यापुढे पंखा असतो आणि ऑइलही दीड-दोन लिटरवर भागत नाही.

काकांना वाईट वाटलं, ते दिसलं. त्यांनी विचारलं, "मग खरं ऑइल-कूल्ड मिळालं तर घ्यावं का?"

मी हो किंवा नाही म्हणालो नाही. एकाच वेळी चिखल, कोंडा आणि दिवसभराचा बोजा असेल तर कूलर वेगळा असण्याचा फायदा मोठा. तो समोर असतो, दिसतो, संध्याकाळी ब्रश मारता येतो. आवरणाखालच्या पाकळ्यांची आठवण इंजिन आवळल्यावरच होते. शिवाय तेवढं जास्त ऑइल म्हणजे तेवढा जास्त श्वास. बोजा पाच मिनिटं वाढला तर ते उष्णता पोटात घेतं. पण त्याची दुसरी बाजू मला जास्त भिववते. या इंजिनात ऑइलच वंगण आणि ऑइलच थंडावा. एक नळी तुटली की दोन्ही एकदम जातं आणि मग दहा मिनिटांचीही सवड मिळत नाही. ज्या गटात ऑइल मोजायची पट्टी आठवड्याने बघितली जाते, तिथे असं इंजिन द्यायला माझा हात धजत नाही. कुळागराच्या उतारावर यंत्र कललेलं असताना पट्टी खोटं बोलते, हे आणखी वेगळं. आणि या आकाराच्या टिलरमध्ये खरं ऑइल-कूल्ड इंजिन इतकं विरळ, की सुटे भाग कुठून आणायचे हाच पहिला प्रश्न.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. हेड उतरवलं. सायलेन्सरच्या बाजूला सिलिंडरमध्ये उभे ओरखडे होते, पण नख अडकेल इतके खोल नव्हते. हलकं होनिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, नवीन रिंगा टाकल्या, हेड गॅस्केट आणि रॉकर कव्हरचं गॅस्केट बदललं. पोळी काढण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. आधी डिझेल लावून रात्रभर भिजवली, मग बांबूच्या काडीने आणि ताठ ब्रशने प्रत्येक फट. लोखंडी खिळ्याने खरवडू दिलं नाही, पाकळी तुटते. शेवटी दुचाकी धुण्याच्या सेंटरवर नेऊन, एअर फिल्टरचं आणि सायलेन्सरचं तोंड बांधून, इंजिन थंड असताना प्रेशरचं पाणी मारलं. तेही हवा जाते त्या दिशेने नाही, उलट दिशेने. आटी गेलेल्या भोकात नवीन आटे पाडले. पत्रा मात्र कुणाला सापडेना, म्हणून डिचोलीच्या बाजारातल्या पत्र्याच्या मेस्त्रीकडून वर्तमानपत्राचा नमुना देऊन तसाच एक कापून, वाकवून घेतला.

त्याच कुणग्यात, त्याच पोराने, एक गिअर खाली ठेवून यंत्र सकाळी साडेसातला सुरू केलं. अकरापर्यंत ते डिझेल भरण्यापुरतंच थांबलं. कागदाची पट्टी वरच्या तोंडाशी धरली तर धरवेना.

गटाने ठरवलं ते असं. नवीन यंत्राचा विचार सध्या बाजूला. चिखलणी लांबली तर पाण्यावरचा मोठा टिलर मिळेल तेव्हा भाड्याने आणायचा आणि हे छोटं कुळागरासाठी राखायचं. मळणीला हे इंजिन लावायचंच झालं तर मळणीयंत्राच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करायचं आणि काम संपलं की त्याच संध्याकाळी आवरण उघडून ब्रश मारायचा. वहिनींनी वहीत एक नवीन रकाना आखला: "ऑइल पाहिलं, पाकळ्या पाहिल्या". त्याखाली सही कुणाची घ्यायची यावर थोडी बाचाबाची झाली. अखेर जो यंत्र नेतो त्याची, असं ठरलं.

जूनमध्ये सरदाच्या चिखलणीआधी काकांचा फोन आला. पत्रा सापडला होता. काकांच्याच घरी, पाणी तापवायच्या चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून तो नोव्हेंबरपासून उभा होता आणि तिथे काम चोख करत होता. "काढून आणू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, इंजिनाला आता दुसरा आहे.